कुलूप, टॅग आणि दायित्व : आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील नोंदणीकृत सामानाच्या संरक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

विमानप्रवासाचा इतिहास बहुधा विमानांचा, वैमानिकांचा आणि विमान कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. प्रवाशाच्या नावाने, परंतु प्रवाशाच्या नजरेआड, विमानाच्या पोटातून जाणाऱ्या सामानाकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक परदेशी निघालेल्या सामान्य माणसाचा अर्धा संसार त्या एका पेटीत असतो. रत्नागिरीहून आखाती देशांत नोकरीस जाणारा कामगार असो वा पुण्याहून अमेरिकेस शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी असो, विमानतळाच्या खिडकीवर तो आपली बॅग ज्या क्षणी पट्ट्यावर ठेवतो, त्या क्षणापासून ती परत हाती येईपर्यंत तिच्यावर त्याचा कोणताही ताबा राहत नाही. या मधल्या काळात बॅग फुटली, हरवली अथवा तिच्यातील वस्तू चोरीस गेली, तर तिची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कायद्याचा आहे तसाच तो इतिहासाचाही आहे. आज या प्रश्नाला जे उत्तर मिळते ते जवळजवळ एका शतकाच्या वाटाघाटी, युद्धोत्तर चलनव्यवस्था, घातपात, न्यायनिवाडे आणि तंत्रज्ञान यांच्या घडामोडींतून तयार झाले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या उत्तराच्या जडणघडणीचा आढावा घेतला आहे.

विमान कंपनीच्या स्वाधीन केलेल्या आणि टॅग लावून स्वीकारलेल्या सामानास येथे 'नोंदणीकृत सामान' असे म्हटले आहे. प्रवासी स्वतःजवळ बाळगतो ते हातसामान या अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) नोंदणीकृत सामानाविषयी विमान वाहकाच्या दायित्वाची आंतरराष्ट्रीय चौकट कशी विकसित झाली, हे पाहणे.
२) चोरी व नुकसान यांपासून सामानाचे रक्षण करणाऱ्या साधनांत, म्हणजे पेटी, कुलूप, टॅग व संगणकीय नोंद यांत, कालपरत्वे झालेले बदल अभ्यासणे.
३) या बदलांचा भारतीय प्रवाशाच्या हक्कांवर झालेला परिणाम तपासणे.

गृहीतक

सामानाच्या संरक्षणाचा भार कुलुपावरून क्रमाक्रमाने नोंदीकडे सरकत गेला. मात्र ही नोंद दीर्घकाळ वाहकाच्याच हाती राहिल्याने तिचा लाभ प्रवाशास पुरेसा मिळाला नाही.

अभ्यासपद्धती

या निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. आंतरराष्ट्रीय करारांची कलमे, भारतीय अधिनियम, निवडक न्यायनिर्णय आणि विमान वाहतूक क्षेत्राने प्रसिद्ध केलेली आकडेवारी ही अभ्यासाची मुख्य साधने होत.

विषय प्रतिपादन

१) पूर्वपीठिका : रस्ता, रेल्वे आणि 'मूल्य जाहीर करा' हे तत्त्व

इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात सार्वजनिक वाहकाचे दायित्व अत्यंत कडक होते. दैवी आपत्ती किंवा राजाच्या शत्रूचे कृत्य यांसारखे मोजके अपवाद सोडल्यास माल सुखरूप पोहोचविणे हे त्याच्यावर बंधनकारक असे. घोडागाड्यांतून मौल्यवान वस्तूंची ने-आण वाढली तशी ही जबाबदारी वाहकांना जड वाटू लागली आणि १८३० च्या ब्रिटिश वाहक अधिनियमाने एक तडजोड घडवून आणली. सोने, दागिने, घड्याळे, काच आदी निर्दिष्ट वस्तूंचे मूल्य १० पौंडांहून अधिक असेल आणि पाठविणाऱ्याने ते आधी जाहीर केले नसेल, तर वाहक जबाबदार राहणार नाही, असे ठरले. भारतात १८६५ च्या वाहक अधिनियमाने हेच तत्त्व आणले. येथे मर्यादा १०० रुपयांची होती. 'मूल्य आधी सांगा, जादा आकार भरा, मगच पूर्ण भरपाई मागा' हा विचार पुढे विमान वाहतुकीच्या कायद्यातही जसाच्या तसा आलेला दिसतो.

सामानाच्या ओळखीची पद्धतही रेल्वेकडूनच आली. पेटीस एक बिल्ला आणि प्रवाशाजवळ त्याच क्रमांकाचा दुसरा, अशी जोडीची पद्धत एकोणिसाव्या शतकात रेल्वेवर रूढ झाली होती. कॅनडातील मॉन्क्टन येथील जॉन मायकेल लायन्स यांनी १८८२ साली दोन भागांत विलग होणाऱ्या सामान-चिठ्ठीचे स्वामित्वहक्क मिळविले. एक भाग पेटीवर आणि दुसरा प्रवाशाच्या खिशात, ही आजच्या विमानतळावरील टॅगची मूळ कल्पना होय.

२) पेटी आणि कुलूप

या काळात सामानाची सुरक्षितता मुख्यतः पेटीच्या मजबुतीवर आणि कुलपावर अवलंबून होती. लुई व्हिताँ यांच्या पॅरिसच्या पेढीने १८८६ साली प्रवासी पेट्यांसाठी सहज न उघडणारे कुलूप तयार केले. अमेरिकेतील डेन्व्हर येथे जेसी श्वेडर यांनी १९१० साली पेट्यांचा कारखाना काढला. पेटीवर फळी ठेवून तिच्यावर उभे राहिलेले श्वेडर बंधू ही त्यांची जाहिरात प्रसिद्ध आहे. या कारखान्यातूनच पुढे सॅमसोनाइट हे नाव रूढ झाले. जर्मनीतील रिमोवा या उत्पादकाने १९३७ साली हलक्या धातूची पेटी बाजारात आणली. विमानात वजनाला किंमत असल्याने भक्कमपणा आणि हलकेपणा यांचा मेळ घालणे आवश्यक झाले होते. १९७० नंतर भारतात टणक प्लॅस्टिकच्या सूटकेसेस घरोघर पोहोचल्या. या उद्योगाचे एक मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यात उभे राहिले.

बर्नार्ड सॅडो यांना १९७२ साली चाकांच्या सूटकेसचे स्वामित्वहक्क मिळाले. चाकांमुळे प्रवाशाचे श्रम वाचले, परंतु पेटीच्या बाहेर डोकावणारे व मोडण्याजोगे नवे अवयवही तिला लाभले. चाके, मुठी आणि पट्टे यांच्या मोडतोडीस जबाबदार कोण, हा वाद त्यानंतर वारंवार उपस्थित होत आला आहे. पेटी कितीही मजबूत असली तरी ती परक्या हातांत असताना तिचे काय होते, हे पेटीवरून सिद्ध करता येत नाही. या उणिवेचे उत्तर शोधण्याचा पहिला आंतरराष्ट्रीय प्रयत्न १९२९ साली झाला.

३) वॉर्सा करार, १९२९ : सोन्यात मोजलेले दायित्व

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात नियमित विमानसेवा सुरू झाल्या. एकाच प्रवासात अनेक देशांच्या सीमा ओलांडल्या जात असल्याने कोणत्या देशाचा कायदा लागू करावा, हा प्रश्न उभा राहिला. १९२५ साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत सुरू झालेल्या विचारविनिमयाची परिणती १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे झालेल्या करारात झाली. हा करार १३ फेब्रुवारी १९३३ पासून अमलात आला. ब्रिटिश अमलाखालील भारतात १९३४ च्या भारतीय हवाई वाहतूक अधिनियमाने त्यास कायद्याचे रूप दिले.

या करारामागे एक देवाणघेवाण होती. सामान वाहकाच्या ताब्यात असताना हरवले वा खराब झाले तर दोष वाहकाचा आहे असे गृहीत धरले जाईल. आपण सर्व आवश्यक खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार वाहकावर राहील. याच्या बदल्यात त्याच्या दायित्वास कमाल मर्यादा घालण्यात आली. नोंदणीकृत सामानासाठी ही मर्यादा दर किलोग्रॅमला २५० सुवर्ण फ्रँक इतकी होती. हा फ्रँक ९०० शुद्धतेच्या साडेपासष्ट मिलिग्रॅम सोन्याचा मानला गेला होता. त्यानुसार दर किलोस सुमारे १४.७४ ग्रॅम आणि २० किलोच्या पेटीस सुमारे २९५ ग्रॅम शुद्ध सोन्याइतकी भरपाईची कमाल मर्यादा होते. बाल्यावस्थेतील विमान उद्योगास संरक्षण देण्यासाठी ही मर्यादा घातली गेली, हे लक्षात घेता ती मुळात कृपण नव्हती, असेच म्हणावे लागेल.

इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते या कराराचे चौथे कलम. वाहकाने सामानासाठी दोन प्रतींत सामान-तिकीट तयार करावे, त्यावर प्रवासी तिकिटाचा क्रमांक, नगांची संख्या व वजन लिहावे आणि हा प्रवास कराराच्या नियमांस अधीन असल्याची सूचना द्यावी, असे तेथे सांगितले होते. असे तिकीट न देता सामान स्वीकारले किंवा या बाबी त्यावर नसल्या, तर दायित्व नाकारण्याचा वा मर्यादित करण्याचा लाभ वाहकास मिळणार नव्हता. म्हणजेच नोंद ही मर्यादेची किंमत होती. ज्याला मर्यादेचा आडोसा हवा त्याने आधी नीट पावती द्यावी, हे तत्त्व कराराने प्रस्थापित केले. प्रवाशावरही बंधने आली. नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ३ दिवसांत आणि विलंबाची १४ दिवसांत करणे आवश्यक होते. दाव्याची मुदत दोन वर्षांची होती.

४) स्वातंत्र्योत्तर भारत आणि हेग दुरुस्ती

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या 'मलबार प्रिन्सेस' या विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे प्रयाण केले आणि मुंबई आंतरराष्ट्रीय विमानमार्गावर भारतीय कंपनीच्या सेवेने जोडली गेली. त्या काळी विमानप्रवासी थोडे, सामान बेताचे आणि प्रवास हा प्रतिष्ठेचा विषय होता.

२८ सप्टेंबर १९५५ रोजी हेग येथे वॉर्सा करारात दुरुस्ती करण्यात आली. प्रवाशाच्या दृष्टीने तक्रारीच्या मुदती वाढल्या : नुकसानीसाठी ७ आणि विलंबासाठी २१ दिवस. परंतु सामान-तिकिटावर वजन व नगसंख्या लिहिलीच पाहिजे, ही अट याच दुरुस्तीत शिथिल झाली. भरपाई किलोवर मोजायची आणि किलोची नोंद मात्र सक्तीची नाही, अशी विसंगती त्यामुळे निर्माण झाली. भारताने १९७२ च्या हवाई वाहतूक अधिनियमाद्वारे मूळ वॉर्सा करार व हेग दुरुस्ती या दोहोंना स्वतंत्र अनुसूचींत स्थान दिले.

१९७३ नंतर खनिज तेलाच्या उत्पन्नामुळे आखाती देशांत मजुरांची मागणी वाढली आणि कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, हजारो तरुण मुंबईमार्गे तिकडे गेले. विमानप्रवाशाचा सामाजिक चेहरा या काळात बदलला. परतताना आणलेल्या दोरीने बांधलेल्या खोक्यांत वर्षा-दोन वर्षांच्या कमाईचा दृश्य भाग असे. सामान हरवणे ही या प्रवाशासाठी गैरसोय नसून आर्थिक आपत्ती होती.

५) सोन्याचे कागद होणे

याच दशकात भरपाईच्या मापाचा पाया ढासळला. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली सांगड तोडली. सोन्याचा बाजारभाव वेगाने वाढला, परंतु विमान कंपन्या अखेरच्या अधिकृत दराने, म्हणजे औंसाला ४२.२२ डॉलर या भावाने, सुवर्ण फ्रँकचे रूपांतर करीत राहिल्या. त्यातून दर किलोस सुमारे २० डॉलर, म्हणजेच पौंडाला ९.०७ डॉलर, हा आकडा निघाला. पुढील अनेक वर्षे विमान तिकिटांच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत तोच छापला जात असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली मालवाहतुकीच्या एका प्रकरणात या दरावर शिक्कामोर्तब केले. १९७५ च्या मॉन्ट्रियल मसुद्यांनी सोन्याऐवजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे 'विशेष उचल हक्क' अर्थात एसडीआर हे एकक स्वीकारले व दर किलोस १७ एसडीआर ही मर्यादा ठरविली. २० किलो सामानासाठी ती ३४० एसडीआर होते. ज्या पेटीस १९२९ च्या करारानुसार जवळजवळ ३०० ग्रॅम सोन्याचे कवच होते, तिचे मोल चारशे डॉलरांच्या आसपास येऊन थांबले. सोने हे महागाईचे अचूक माप नव्हे, हे मान्य केले तरी संरक्षणाचा झालेला संकोच यावरून स्पष्ट होतो.

६) चोरी आणि 'हेतुपुरस्सर गैरवर्तन'

मर्यादा मोडण्याचा एक मार्ग करारात होता. वाहकाने वा त्याच्या सेवकाने आपले काम करीत असताना जाणूनबुजून नुकसान केले, तर मर्यादा लागू होत नसे. येथे चोरीचा प्रश्न उभा राहतो. लोडर चोरी करतो तेव्हा तो 'आपले काम' करीत असतो काय? चोरी ही मालकाने सोपविलेली कामगिरी नव्हे, असा युक्तिवाद वाहकांतर्फे केला जात असे.

लंडनचा हीथ्रो विमानतळ सामानाच्या चोऱ्यांसाठी इतका कुप्रसिद्ध झाला होता की ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याचे 'थीफ्रो' असे नामकरण केले. तेथे विमानात चढविलेल्या प्लॅटिनमच्या पेट्यांपैकी एक लांबविण्यात आली. या रुस्टेनबर्ग प्लॅटिनम खटल्यात १९७७ साली इंग्लंडच्या न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, ज्याच्याकडे माल चढविण्याचे व सांभाळण्याचे काम सोपविले आहे, त्यानेच तो चोरला तर ते कृत्य त्याच्या कामाच्या ओघातच घडले असे मानावे लागेल. सबब मर्यादेचा आश्रय मिळणार नाही. हा खटला मालाविषयीचा असला तरी त्यातील तत्त्व प्रवासी सामानासही लागू पडणारे होते. अर्थात त्यासाठी चोरी कोणी केली हे सिद्ध व्हावे लागते. बॅग अनेक हातांतून, अनेक विमानतळांवरून जाते. कोणत्या टप्प्यावर ती उघडली गेली याची नोंद नसेल तर हा मार्ग सामान्य प्रवाशासाठी बंदच राहतो.

७) घातपात आणि कुलुपाचा अस्त

२३ जून १९८५ हा दिवस सामानाच्या इतिहासात निर्णायक ठरला. कॅनडाहून लंडन व दिल्लीमार्गे मुंबईस येणारे एअर इंडियाचे १८२ क्रमांकाचे विमान आयर्लंडच्या किनाऱ्यानजीक स्फोटाने कोसळले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. व्हँकुव्हर येथे एका प्रवाशाच्या नावे सोपविलेली बॅग पुढच्या विमानात चढली होती. तो प्रवासी मात्र निघालाच नव्हता. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या एका बॅगेतील स्फोटात सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी येथे पॅन अॅमचे विमान अशाच बेवारस बॅगेतील स्फोटकाने पाडले गेले व २७० जणांचा बळी गेला.

या घटनांनी सामानाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. तोवर बॅगेस जगापासून वाचवायचे होते. आता जगास बॅगेपासून वाचविणे आवश्यक झाले. प्रवासी आणि त्याचे सामान एकाच विमानात आहेत याची खातरजमा करण्याचा नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने स्वीकारला. भारतात नागरी विमान सुरक्षा ब्यूरोस १ एप्रिल १९८७ पासून स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. विमानात चढण्यापूर्वी विमानाजवळ मांडलेल्या सामानातून आपली बॅग ओळखून दाखविण्याची आणि क्ष-किरण तपासणीनंतर बॅगेस प्लॅस्टिकची पट्टी आवळण्याची पद्धत भारतीय विमानतळांवर अनेक वर्षे चालू होती, हे जुन्या प्रवाशांस स्मरत असेल.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने सर्व नोंदणीकृत सामानाची तपासणी सक्तीची केली. तपासणी अधिकाऱ्यास बॅग उघडता यावी यासाठी कुलूप न लावण्याचा सल्ला प्रवाशांना देण्यात आला; लावल्यास ते तोडले जाऊ शकत असे. २००३ साली तोडगा म्हणून अधिकाऱ्यांकडील सामायिक किल्लीने उघडणारी कुलपे बाजारात आली. या किल्ल्यांचे छायाचित्र २०१४ साली एका अमेरिकी वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले आणि २०१५ साली त्यावरून त्रिमितीय मुद्रणाने किल्ल्या बनविण्याचे आराखडे सर्वत्र पसरले. कुलूप उरले, परंतु ते केवळ चेन आपोआप उघडू नये एवढ्यापुरते. शतकभर सामानाचे मुख्य रक्षक असलेल्या कुलुपाचा अधिकार अशा रीतीने संपुष्टात आला.

८) मॉन्ट्रियल करार, १९९९

२८ मे १९९९ रोजी मॉन्ट्रियल येथे नवा करार झाला व तो ४ नोव्हेंबर २००३ पासून अमलात आला. भारतात २००९ च्या दुरुस्ती अधिनियमाने त्यास मान्यता मिळून ३० जून २००९ पासून तो लागू झाला. सामानाच्या संदर्भात या कराराने तीन मोठे बदल केले.

पहिला बदल असा की, नोंदणीकृत सामान वाहकाच्या ताब्यात असताना हरवले वा नुकसान पावले तर वाहकाचा दोष असो वा नसो, तो जबाबदार ठरतो. सामानातील अंगभूत दोष, गुण वा उणीव यांमुळे झालेल्या हानीपुरता अपवाद आहे. लोणच्याची बरणी नीट न बांधल्याने फुटली तर दोष बरणीचा. बॅगच चिरडली गेली तर दोष वाहकाचा, असा हा स्थूल भेद सांगता येईल. दुसरा बदल म्हणजे भरपाई किलोऐवजी प्रवाशामागे मोजली जाऊ लागली. आरंभी ही मर्यादा १,००० एसडीआर होती. महागाईनुसार तिचा दर पाच वर्षांनी फेरविचार करण्याची तरतूद असल्याने ती २००९ अखेर १,१३१, डिसेंबर २०१९ मध्ये १,२८८ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर झाली. अखेरची रक्कम तेव्हाच्या दराने सुमारे २,००० अमेरिकी डॉलर भरते. त्या वेळच्या सोन्याच्या भावाने तिचे जेमतेम २४ ग्रॅम सोने आले असते. अधिक मूल्याचे सामान असेल तर ते सोपविताना विशेष घोषणा करून, लागल्यास जादा आकार भरून, मर्यादा वाढविता येते. १८३० चे तत्त्व येथे पुन्हा भेटते.

तिसऱ्या बदलाची चर्चा तुलनेने कमी झाली आहे. वाहकाने प्रत्येक नगास ओळख-टॅग द्यावा, असे करार सांगतो. परंतु तो न दिल्यास दायित्वाच्या मर्यादेस बाध येणार नाही, असेही स्पष्ट करतो. १९२९ साली नोंद ही मर्यादेची किंमत होती. १९९९ साली हे नाते तुटले. प्रवाशावरील मुदतींचे बंधन मात्र कायम राहिले. नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत, विलंबाची सामान मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि दावा दोन वर्षांत करावा लागतो. बॅग २१ दिवसांत आली नाही, तर हरवल्याबाबतचे हक्क प्रवाशास बजावता येतात. तक्रार न करता सामान स्वीकारले तर ते सुस्थितीत मिळाले असे प्रथमदर्शनी मानले जाते.

९) न्यायालयांनी केलेली भर

कराराच्या कलमांना व्यवहारात अर्थ देण्याचे काम न्यायालयांनी केले. युरोपीय न्यायालयाने २०१० साली असे ठरविले की, मर्यादेत आर्थिक व मानसिक अशा दोन्ही प्रकारच्या हानीचा समावेश होतो. २०१२ साली स्पेनमधून आलेल्या एका प्रकरणात, कुटुंबातील अनेकांचे सामान एकाच्या नावे नोंदलेल्या बॅगेत असले तरी प्रत्येक प्रवासी स्वतंत्र भरपाई मागू शकतो, असा निर्णय झाला. त्यासाठी आपल्या वस्तू त्या बॅगेत होत्या, हे त्याने सिद्ध करावयाचे असते. एकत्र सामान भरणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या दृष्टीने हे तत्त्व लक्षणीय आहे. २०१८ साली फिनलंडमधील प्रकरणात, प्रवाशाने दूरध्वनीवर सांगितलेली तक्रार वाहकाच्या कर्मचाऱ्याने मुदतीत संगणकात नोंदविली असेल, तर ती लेखी तक्रार ठरते, असे मानले गेले. २०२० साली याच न्यायालयाने मर्यादा ही कमाल रक्कम असून ती आपोआप मिळत नाही, बॅगेत काय होते हे दाखविण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे, हे अधोरेखित केले. हे निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. परंतु करार एकच असल्याने त्यांचे मार्गदर्शक मूल्य मोठे आहे.

१०) टॅगपासून मागोव्यापर्यंत

१९९० च्या दशकात दहा अंकी क्रमांक व पट्टीसंकेत असलेला टॅग सर्वत्र रूढ झाला. यंत्रे बॅग वाचू लागली, तथापि यंत्रांनी बॅगा फाडल्याचीही उदाहरणे आहेत. डेन्व्हरच्या नव्या विमानतळावरील स्वयंचलित सामान-यंत्रणेच्या १९९४ मधील प्रात्यक्षिकात बॅगा फुटून कपडे विखुरले. विमानतळाचे उद्घाटन लांबून ते फेब्रुवारी १९९५ मध्ये झाले आणि ती यंत्रणा २००५ साली कायमची मोडीत काढण्यात आली.

सिटा या संस्थेच्या आकडेवारीनुसार २००७ साली दर हजार प्रवाशांमागे १८.८८ बॅगांची आबाळ झाली. २०२४ साली हे प्रमाण ६.३ वर आले. या सुधारणेस नोंदीचे जाळे मोठ्या अंशी कारणीभूत आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाच्या ७५३ क्रमांकाच्या ठरावानुसार जून २०१८ पासून सदस्य कंपन्यांनी बॅग प्रवाशाकडून घेताना, विमानात चढविताना, दुसऱ्या विमानाकडे सोपविताना आणि प्रवाशास परत देताना अशा चार टप्प्यांवर तिची नोंद ठेवणे अपेक्षित आहे. बॅग कोणाच्या ताब्यात असताना हरवली, या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे प्रथमच कागदोपत्री मिळू शकते. ही नोंद मूलतः वाहकांच्या परस्पर हिशेबासाठी आहे. प्रवाशास ती मागण्याचा हक्क कराराने स्पष्ट शब्दांत दिलेला नाही.

२०२१ नंतर प्रवासी स्वतःच बॅगेत छोटे शोधयंत्र ठेवू लागले. २०२४ अखेर काही विमान कंपन्यांनी प्रवाशाने पाठविलेली अशा यंत्राची स्थाननोंद आपल्या शोधव्यवस्थेत स्वीकारण्यास आरंभ केला. बॅगेचा ठावठिकाणा वाहकाच्या आधी प्रवाशास कळू लागला. हा तांत्रिक सोयीपेक्षा अधिक मोठा बदल आहे, कारण जी नोंद जवळजवळ शंभर वर्षे एका पक्षाच्या हाती होती, ती अंशतः दुसऱ्या पक्षाच्या हाती आली.

निष्कर्ष

१) नोंदणीकृत सामानाच्या संरक्षणात पेटी व कुलूप यांचे महत्त्व घटत गेले आणि १९८५ नंतरच्या सुरक्षाव्यवस्थेत कुलुपाचा संरक्षक म्हणून असलेला अधिकार संपला.
२) १९२९ च्या कराराने वाहकाच्या मर्यादित दायित्वाची सांगड अचूक पावतीशी घातली होती. १९५५ साली ती सैल झाली व १९९९ साली तुटली. गृहीतकाचा पहिला भाग यामुळे काहीशा सुधारित रूपात मान्य करावा लागतो : व्यवहारात नोंदीचे महत्त्व वाढले, कायद्यात मात्र नोंद न ठेवण्याची शिक्षा कमी झाली.
३) किलोऐवजी प्रवाशामागे भरपाई आणि दोष सिद्ध करण्याच्या अटीपासून मुक्तता हे मॉन्ट्रियल कराराचे प्रवाशास झालेले खरे लाभ होत. मर्यादेचे वास्तव मूल्य मात्र मूळ सुवर्णमानाच्या तुलनेत बरेच आकसले आहे.
४) बॅगेत काय होते हे सिद्ध करण्याचा भार प्रवाशावर आहे. सामान भरताना केलेली यादी, छायाचित्रे, खरेदीच्या पावत्या, टॅगचा जपून ठेवलेला अर्धा भाग आणि विमानतळ सोडण्यापूर्वी केलेली लेखी तक्रार ही आजच्या प्रवाशाची खरी कुलपे होत.
५) चार टप्प्यांवरील नोंद प्रवाशास मागताक्षणी मिळण्याचा हक्क कायद्याने मिळाल्यास १९२९ सालच्या देवाणघेवाणीचा तोल पुन्हा साधला जाईल.

समारोप

सामानाचा इतिहास हा विश्वासाचा इतिहास आहे. आपली वस्तू अनोळखी माणसाच्या हाती देऊन रिकाम्या हाताने पुढे जाण्यास माणूस तयार होतो, तो हाती उरलेल्या कागदाच्या एका तुकड्याच्या भरवशावर. सात दिवसांची मुदत ठाऊक नसल्याने हक्क गमावणारा प्रवासी बहुधा पहिल्यांदाच परदेशी निघालेला कामगार वा विद्यार्थी असतो आणि त्याच्या बॅगेतील वस्तू पुन्हा घेण्याची ऐपत त्याच्याकडेच सर्वांत कमी असते. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवेशप्रक्रियेचे मार्गदर्शन करणाऱ्या महाविद्यालयांनी या छोट्याशा कायदेशीर ज्ञानाचाही त्यात समावेश केला, तर त्या कागदाच्या तुकड्याचे मोल त्यांना वेळेवर कळेल.